सही कोणाची?

अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला होता. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि पुढची सदतीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. केईएमच्या परिचारिकांनी तिला कडाडून विरोध केला. आम्ही त्यांचे सगळे करत आलो आहोत आणि पुढेही करू, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली, तिचा अहवाल घेतला, सरकारचे म्हणणे ऐकले आणि याचिका फेटाळली. फेटाळतानाच, अशा रुग्णाचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील हे तत्त्व मात्र मान्य केले. या लांबलचक निकालपत्रात सगळ्यांची मते आहेत, अरुणा शानबाग यांचे तेवढे नाही. ते असणे शक्यही नव्हते, कारण हल्ला झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि त्या वयाच्या माणसाला असे काही कोणी विचारत नाही. त्यामुळे न्यायालयापुढचा प्रश्नच बदलला. त्यांना काय हवे होते हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांच्या जवळचे कोण हे ठरवावे लागले. केईएमचे कर्मचारी, असे उत्तर न्यायालयाने दिले. ज्यांनी इतकी वर्षे कूस बदलली आणि घास भरवला, त्यांच्या बाजूने कौल गेला यात गैर काही नाही. पण तो कौल सांभाळणाऱ्यांचा होता, आजाऱ्याचा नव्हता.

हाच प्रश्न आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांच्या दाराबाहेर रोज उभा राहतो. तिथे ना न्यायमूर्ती असतात ना वकील. एक छापील संमतिपत्र असते आणि ‘नातेवाईक कोण आहेत? इथे सही करा’ एवढेच वाक्य असते. व्हेंटिलेटर लावायचा का, डायलिसिस सुरू करायचे का, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, याचे उत्तर त्या क्षणी जो दारात उभा असेल तो देतो. तो थोरला मुलगा असेल, जावई असेल, कधी नुसताच शेजारी. अशा निर्णयांचा दुसरा प्रकार तर आणखी परिचयाचा आहे. पैसे संपतात, किंवा आशा संपते, किंवा दोन्ही एकाच आठवड्यात संपतात, आणि नातेवाईक ‘आम्ही घरी नेतो’ म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही होते, रुग्णवाहिका येते आणि माणूस घरी पोहोचल्यावर किंवा वाटेतच जातो. कागदोपत्री उपचार कोणीच थांबवलेले नसतात, प्रत्यक्षात सगळ्यांनी मिळून थांबवलेले असतात. म्हणून ‘आपल्या समाजात मरणाचे असले निर्णय माणसे घेत नाहीत’ हे विधान मुळातच खरे नाही. ते सर्रास घेतले जातात, फक्त घाईने, अर्धवट माहितीवर, खिशाकडे बघून आणि ज्याचे आयुष्य आहे त्याला वगळून. आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे बोलीभाषेत ‘लिव्हिंग विल’, नवा अधिकार देण्यासाठी आहे असे सहसा सांगितले जाते. माझ्या मते त्याचे खरे काम याहून साधे आणि महत्त्वाचे आहे. आधीच होत असलेल्या निर्णयावर योग्य माणसाची सही आणणे, हे ते काम.

हा पेच जुना नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून हाताने हवा देण्याचा उपाय काढला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन्‌तास रबरी पिशव्या दाबत बसत. पुढच्या वर्षी त्याच शहरात पहिला अतिदक्षता विभाग उभा राहिला आणि पिशवी दाबण्याचे काम हळूहळू यंत्राने घेतले. पोलिओच्या मुलांसाठी हे जीवदान होते, कारण त्यांचे बाकीचे शरीर सावरणार होते. पण तेच यंत्र सर्वांगात पसरलेला कर्करोग असलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसालाही लावता येते, आणि तिथे ते सावरण्याची वाट बघत नसते. आपले अंतकाळाचे सगळे विधी या यंत्राच्या आधीचे आहेत. तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे तर वेळ जवळ आली आहे हे घरच्यांना कळावे लागते, आणि तोंडही मोकळे असावे लागते. पूर्वी वेळ यायची. आता ती कितीतरी वेळा कोणीतरी ‘बस, आता पुरे’ म्हणण्यावर अवलंबून असते, आणि ते कोणी म्हणायचे याबद्दल परंपरेने काही सांगून ठेवलेले नाही, कारण सांगण्याची गरजच पडली नव्हती.

कायदा इथपर्यंत आला तो आत्महत्येच्या वाटेने, आणि त्याचा त्रास अजून सरलेला नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही दिशा नाकारली. जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार येत नाही, असे त्यांनी सांगितले. सन्मानाने जगण्याच्या अधिकारात मृत्यूची प्रक्रिया सुरू झाल्यावर सन्मानाने मरणे येऊ शकते, ही फट मात्र ठेवली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेली याचिका याच फटीतून पुढे सरकली आणि ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या नेतृत्वाखालील घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. या निकालाने विष टोचून मारण्याची मुभा दिलेली नाही, तो आजही गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा उरलेली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार नाकारणे किंवा काढून घेणे, एवढेच या निकालाने मान्य केले. त्याच सुमारास गिरगावातल्या एका वृद्ध दांपत्याने, मोठा आजार नसतानाही, आम्हाला एकत्र मरू द्या असे पत्र राष्ट्रपतींना लिहिले होते आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली छापल्या. त्या दांपत्याच्या मागणीशी या निकालाचा काहीही संबंध नव्हता. लोकांच्या मनात तो अजून आहे, आणि ‘लिव्हिंग विल केले’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो तो त्यामुळेच.

२०१८ च्या निकालाने अधिकार दिला, पण त्याच्या दाराला इतकी कुलपे लावली की आत जाणे मुश्कील. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. रुग्णालयाच्या मंडळात वीस-वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ हवेत. त्यांच्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने दुसरे मंडळ नेमायचे, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहायचे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात हे कसे जमायचे, याचा विचार त्यात दिसत नव्हता, आणि खरे तर पुण्या-मुंबईतही ते जमणारे नव्हते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटनाच मग न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने नियम सोपे केले. आता अठरा वर्षांवरील कोणतीही सुजाण व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेऊ शकते. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. वेळ आलीच तर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ, शक्यतो ४८ तासांत मत देते. मग दुसरे मंडळ ते तपासते, आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे असते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार आहे. इच्छापत्राची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे राहावी, असेही निकालात आहे. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, त्यानंतर नेमणुका झाल्या. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. न्यायाधीशाने आपलेच उदाहरण घालून द्यावे, हे आपल्याकडे क्वचितच घडते.

कायद्याचा अडसर दूर झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी अमेरिकेकडे बघावे. तिथे लिव्हिंग विलची कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्याबद्दल सांगितलेच पाहिजे, असा केंद्रीय कायदा १९९० मध्ये झाला. तरीही पुढच्या पाव शतकात तिथल्या तीनपैकी जेमतेम एका प्रौढाकडे असा कागद होता. आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्या बाबतीतही तो फार उपयोगी पडत नव्हता. २००४ मध्ये अँजेला फॅगरलिन आणि कार्ल श्नायडर यांनी हे सगळे पुरावे मांडून लिव्हिंग विल फसले आहे, असा थेट निष्कर्ष काढला. लोकांना भविष्यातला आजार कल्पता येत नाही, ते लिहितात ते मोघम असते, कागद वेळेवर सापडत नाही आणि सापडला तरी निर्णय फारसा बदलत नाही, अशी त्यांची कारणे होती. हे मला पटते. पण याचा अर्थ ‘मग घरच्यांवर सोडून द्या’ असा होत नाही, कारण त्या पर्यायाचीही मोजणी झालेली आहे. रुग्णाला काय हवे असेल हे त्याच्या जवळच्या माणसांना ओळखायला सांगणाऱ्या सोळा अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्रित हिशोब केला गेला. त्यांची उत्तरे सुमारे ६८ टक्के वेळा बरोबर आली, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या वेळी चुकली. चाळीस वर्षे संसार केला म्हणून हे कळते असे नाही, कारण चाळीस वर्षांत हा विषयच निघालेला नसतो.

मेलबर्नच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगाने यातून वाट दाखवली. ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचे ३०९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांशी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने त्यांच्या घरच्या माणसाला शक्यतो सोबत बसवून सविस्तर बोलणे केले, वतीने कोण बोलणार हे ठरवून घेतले आणि ते लिहून ठेवले. बाकीच्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. पुढच्या सहा महिन्यांत जे गेले, त्यांपैकी बोलणे झालेल्या २९ जणांतील २५ जणांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. दुसऱ्या गटात २७ पैकी फक्त ८ जणांची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक नोंद आहे, जी आपल्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. बोलणे झालेल्या रुग्णांच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांमध्ये ताण, चिंता आणि नैराश्य बरेच कमी होते. फसला तो एकट्याने भरून ड्रॉवरमध्ये टाकलेला फॉर्म. माणसे समोर बसवून केलेले बोलणे आणि त्याची साक्ष म्हणून राहणारा कागद ही गोष्ट वेगळी आहे.

यावर पहिला आक्षेप संस्कृतीचा येतो. आपल्याकडे व्यक्ती एकटी नसते, निर्णय कुटुंबाचा असतो, आणि मरणाचे आधी बोलणे अशुभ, ‘शुभ बोल रे नाऱ्या’. यातला अशुभाचा भाग मी फार मनावर घेत नाही. चालता-बोलता जावे, अंथरुणाला खिळू नये, कुणाला आपले काढायला लागू नये, हे मराठी घरांतले म्हातारे उठता-बसता बोलत असतात. ऐकणारेच ‘असे काय बोलता’ म्हणून त्यांना गप्प करतात. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात तर ठरवून, सांगून देह ठेवलेली मोठी माणसे आहेत. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न आणि औषधे सोडली. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले. जैनांच्या संथारा व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, तेव्हा जैन समाज रस्त्यावर आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ही उदाहरणे लिव्हिंग विलची नव्हेत. त्यांत माणूस शुद्धीवर असतो आणि अन्नच सोडतो, इथे शुद्ध हरपल्यानंतरच्या उपचारांचा प्रश्न आहे. पण शेवटाबद्दल आधी बोलणे आपल्या संस्कृतीला परके आहे, हे म्हणणे या उदाहरणांपुढे टिकत नाही.

कुटुंबाचा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि त्याला तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायला हवे. आपल्याकडे कुटुंब निर्णय घेते म्हणजे नेमके काय होते? एक मुलगी गेली तीन वर्षे आईजवळ राहून सगळे करत असते, तिला आईचे हाल दिसत असतात. दुसरे भावंड परदेशातून फोनवर ‘पैशाचा विचार करू नका, सगळे करा’ म्हणते. हे फक्त न्यू जर्सी आणि पुण्याच्या बाबतीतच घडते असे नव्हे. लांबून येऊन आक्रमकपणे सगळे उपचार मागणाऱ्या नातेवाइकाला उत्तर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असे नावच ठेवले आहे आणि १९९१ मध्ये वृद्धचिकित्सेच्या नियतकालिकात त्यावर लेखही आला. कॅलिफोर्नियात ती मुलगी न्यूयॉर्कहून येते म्हणतात. त्या मुलीची चूक नसते. जवळ नसल्याची टोचणी आणि पडझड डोळ्यांनी न पाहिलेली असणे, या दोन्हींतून ती मागणी येते. अशा घरात ‘थांबूया’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याच्यावर तो आयुष्यभरासाठी बसतो, आणि दिवसकार्यात जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणी ना कोणी तो बोलून दाखवतोच. आईने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या देखत सांगून, लिहून ठेवले असेल तर मुलगी निर्णय घेत नाही, निरोप पोहोचवते. इच्छापत्र व्यक्तीला कुटुंबापासून तोडते, हा समज म्हणून मला उलटा वाटतो. एकत्र राहणाऱ्या आणि एकमेकांचे देणे मानणाऱ्या कुटुंबालाच त्याची गरज अधिक आहे. ज्याच्यासाठी रडणारे कोणी नाही त्याच्या खाटेभोवती भांडणही होत नाही.

इस्टेटीसाठी वारस घाई करतील, ही भीती निराधार नाही. मात्र कागद नसतानाही तेच वारस तिथे असतात, आणि तेव्हा ‘घरी नेतो’ म्हणायला त्यांना एकाही मंडळासमोर जावे लागत नाही. इच्छापत्राच्या वाटेवर निदान दोन डॉक्टरमंडळे आहेत, शिवाय बोलणारा माणूस कोण हे आपण निवडलेले असते. माणसाचे मत बदलते, निरोगीपणी नको वाटलेली नळी आजारात हवीशी वाटू शकते, हेही खरे. म्हणूनच उपचारांची लांब यादी करण्यापेक्षा माणूस नेमणे शहाणपणाचे, आणि ते इच्छापत्र कधीही लेखी रद्द करता येते हे लक्षात ठेवणे. जोवर आपण शुद्धीवर असून बोलू शकतो, तोवर ते पत्र कोणी उघडायचेच नसते.

खरा आक्षेप गरिबीचा आहे. ज्या देशात कित्येकांना व्हेंटिलेटर मिळतच नाही, तिथे तो नाकारण्याचा अधिकार ही चैन नव्हे का? आणि उद्या हाच कागद गरिबाला उपचार न देण्याची सबब झाला तर? याचे समाधानकारक उत्तर फक्त एका अटीवर देता येते. नकारानंतर काय मिळणार, हे ठरलेले असले पाहिजे. व्हेंटिलेटर नको म्हटल्यावर माणसाला वेदनाशमन, श्वासाचा त्रास कमी करणारी औषधे, जखमांची काळजी आणि घरच्यांना आधार मिळाला, तर त्याने एका सेवेऐवजी दुसरी निवडली. काहीच मिळाले नाही तर त्याला सोडून दिले. ही दुसरी सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. ती म्हणजे हार नव्हे, हेही सिद्ध झाले आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ अमेरिकी रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली त्यांनी शेवटी कमी आक्रमक उपचार घेतले, त्यांची मनःस्थिती बरी राहिली आणि ते जगलेही जास्त, मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. आपल्याकडे मात्र चित्र विषम आहे. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत केली की कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. ती २०१४ च्या दुरुस्तीने सुटली, पण एक पिढी डॉक्टर ते औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली होती. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, देशातले पहिले हॉस्पिस. केरळमध्ये कोझिकोडहून १९९३ पासून निघालेली चळवळ गावोगावच्या स्वयंसेवकांपर्यंत पोहोचली आणि २००८ मध्ये राज्याचे धोरण झाली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये धोरण केले, पण धोरण आणि गावातली घरभेट यांत अंतर राहिले. मरणकाळच्या सेवेच्या दर्जाचा २०१५ मध्ये ८० देशांचा जो आंतरराष्ट्रीय क्रम लागला, त्यात भारत ६७ वा होता. म्हणून लिव्हिंग विलचा प्रचार करणाऱ्या शासनाने त्याच पत्रकात जवळच्या पॅलिएटिव्ह केंद्राचा पत्ता छापला पाहिजे. तो छापता येत नसेल तर हा आक्षेप त्या शासनाला पुरेपूर लागू आहे.

आज ज्याला हे करायचे असेल त्याने नोटरीकडे जाण्याआधी माणसे बसवावीत. कोण बोलणार हे ठरवावे, आणि तो सर्वांत प्रेमळ असण्यापेक्षा दबावाखाली न डगमगणारा असावा. तो बाहेरगावी असू शकतो म्हणून दुसरे नावही द्यावे. ज्याला नेमले नाही त्याला का नेमले नाही, हे त्याच्या तोंडावर सांगावे, नाहीतर तोच पुढे अडून बसतो. उपचारांबद्दल लिहिताना ‘हाल नकोत’ असे न लिहिता, माणसे ओळखता येईनाशी झाली आणि ते सुधारण्याची शक्यता नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि नळीने अन्न यांपैकी काय नको, हे एकेक करून लिहावे. वेदनेवरचे औषध मात्र कधीही बंद करू नये, हे वेगळ्या ओळीत असावे. प्रती नेमलेल्या दोघांकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि पालिकेच्या किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे द्याव्यात, आणि एक फोटो फोनमध्ये असावा. अनेकजण मूळ कागद मृत्युपत्राबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. तो लॉकर सहसा उघडला जातो तेराव्यानंतर.